जे मोजलं, तेवढंच सावरलं

माझं लग्न ठरलं तेव्हा "मुलगा इन्स्ट्रुमेंटमध्ये आहे" असं कळल्यावर सासरच्या एका आत्याबाईंनी विचारलं होतं म्हणे, "पेटी वाजवतो की तबला?" पुढे पस्तीस-छत्तीस वर्षं नोकरी झाली, रिटायर झालो, तरी घरातल्या निम्म्या लोकांना मी नक्की काय करत होतो ते अजून ठाऊक नाही. "कारखान्यात मीटर बघायचे" एवढ्यावर विषय संपतो. मध्यंतरी एका भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, तुमच्या कामाला काही इतिहास-बितिहास आहे का हो?" आहे की! आणि गंमत म्हणजे त्यातला बराचसा आपल्या पनवेलपासून खोपोलीपर्यंतच्या चाळीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात बोट ठेवून दाखवता येतो. म्हणून हा लेख. थोडा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

आधी काम काय ते सांगतो. एखादी गोष्ट हवी तशी आहे का ते मोजायचं. नसेल तर फरक किती ते काढायचं. त्या फरकाच्या हिशोबाने झडप (आमच्या भाषेत व्हॉल्व्ह) थोडी उघडायची किंवा मिटायची. आणि परत मोजायचं. बस्स, एवढंच! मोजमापाची बातमी फिरून परत झडपेकडे येते म्हणून त्याला फीडबॅक म्हणतात, आणि या फेऱ्याला लूप. मोठ्या कारखान्यात असे शेकडो लूप रात्रंदिवस चालू असतात. हवं असलेलं माप म्हणजे सेट पॉइंट. बाकी सगळी तपशिलाची भर.

आता पनवेलचा सगळ्यात जुना नावाजलेला कारखाना कुठला? श्री धूतपापेश्वर. १८७२ सालचा. कृष्णशास्त्री पुराणिकांनी सुरू केलेला. म्हणजे पनवेलचा कारखानदारीशी संबंध आला तो औषधं शिजवण्यातून. आणि शिजवणं म्हणजे काय, तर आच सांभाळणं!

आयुर्वेदाच्या ग्रंथांत आच सांभाळायच्या ज्या परीक्षा दिल्यात त्या वाचल्या तेव्हा मला आमच्याच खात्यातलं कुणीतरी बोलतंय असं वाटलं. औषधी तेल सिद्ध झालं की त्यावर फेस येतो. तूप असेल तर उलट, आलेला फेस बसतो. आतला कल्क बोटांत वळला की त्याची वात होते. तोच कल्क विस्तवावर टाकला की तडतडत नाही. या परीक्षांचा अर्थ बराचसा एकच, की आतलं पाणी गेलंय का? थर्मामीटर नाही, काही नाही, पण पाणी किती उरलंय याचं मोजमाप आहे. एक डोळ्याने, एक बोटांनी, एक कानाने. आमच्याकडे महत्त्वाच्या ठिकाणी एकाच गोष्टीला तीन-तीन ट्रान्समीटर लावतात, तसंच हे. रसशास्त्रात काचेची कुपी वाळूत बसवून खालून जाळ करतात, त्याला वालुकायंत्र म्हणतात. आच मंद, मग मध्यम, मग तीव्र अशी चढवायची. मधल्या वाळूमुळे जाळ जरा कमीजास्त झाला तरी कुपीला धक्का बसत नाही. हेही इन्स्ट्रुमेंटवाल्याला लगेच पटेल असं.

थोडक्यात लूप तेव्हाही होता. डोळा हा ट्रान्समीटर, वैद्याचं डोकं हा कंट्रोलर, आणि चुलीतलं लाकूड मागे ओढणारा हात हा व्हॉल्व्ह.

मग यंत्र का लागलं? कारण कढई उतरवता येते. काम संपतं, माणूस घरी जातो. पण ज्या कामात कढई कधी उतरतच नाही, एका टोकाने माल आत येत राहतो आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडत राहतो, तिथे पहाटे तीन वाजताही कुणीतरी तेवढ्याच टक्क डोळ्याने बघत राहावं लागतं. माणसाच्याने ते होत नाही. डुलकी लागते. म्हणून न थांबणारी प्रक्रिया आणि आपोआप सावरणारं यंत्र ही जोडी इतिहासात बरोबरच वाढलेली दिसते.

आपल्या पट्ट्यात न थांबणारी पहिली मोठी गोष्ट आली ती खोपोलीला, १९१५ साली. टाटांचं वीजकेंद्र. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचं पाणी नळातून घाटाखाली सोडायचं, पाचशे मीटरहून जास्त खाली, आणि त्या धारेने पेल्टनची चाकं फिरवायची. वीज जायची मुंबईच्या गिरण्यांना. आता विचार करा, संध्याकाळी गिरण्या सुटल्या, भार एकदम उतरला, तर चाक काय करेल? पाण्याचा जोर तोच, ओझं कमी. ते सुसाट सुटेल. म्हणून चाकाच्या वेगावर नजर ठेवणारा एक राखणदार लागतो. त्याचं नाव गव्हर्नर.

गव्हर्नरची कल्पना जुनी. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनावर दोन गोळे बसवले. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात, त्यांच्याबरोबर एक दांडा हलतो आणि वाफेची झडप मिटू लागते. (कल्पना पवनचक्कीवाल्यांकडे आधीपासून होती, वॉटने ती इंजिनाला लावली.) पण पाण्याच्या चाकाची अडचण निराळी. एवढ्या उंचीवरून येणारा पाण्याचा खांब नळात धावत असताना तोंड झटकन मिटलं तर पाण्याचा दणका बसून नळच फुटेल. म्हणून पेल्टन चाकाच्या गव्हर्नरला दोन हात देतात. एक हात धारेसमोर पत्रा आडवा घालून ती चाकावरून क्षणात बाजूला वळवतो. दुसरा हात धारेच्या तोंडातली सुई सावकाश पुढे सरकवून पाणी कमी करतो. घाईचं काम एकाकडे, सबुरीचं दुसऱ्याकडे. घरातही अशी वाटणी असली तर बरं असतं!

या गव्हर्नरांनी शास्त्रज्ञांना एक त्रासही दिला. राखणदार कधीकधी स्वतःच गोंधळ घालायचा. वेग जरा वाढला की जास्तच आवळायचा, मग वेग पडला की जास्तच सोडायचा, आणि यंत्र डुलत राहायचं. आम्ही याला "लूप हंट करतोय" म्हणतो. असं का होतं याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ साली मांडलं. हो, तोच विजेच्या आणि चुंबकाच्या समीकरणांचा मॅक्सवेल. सांभाळणाऱ्याच्या अतिउत्साहानेच सांभाळलेली वस्तू बिघडू शकते, हे गणिताने सिद्ध झालं ते तेव्हा. आईबापांना आणि साहेबांना हे सूत्र पाठ करायला लावायला पाहिजे, असं माझं जुनं मत आहे. असो.

खोपोलीची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चाकं फिरवून झाल्यावर पाणी कुठे जातं? पातळगंगेत. कोकणातल्या छोट्या नद्या उन्हाळ्यात आटतात, पण पातळगंगा बारमाही वाहते ती या सोडलेल्या पाण्यामुळे. आणि बारमाही पाणी आहे म्हणूनच पुढे तिच्या काठाला रसायनीचे आणि पातळगंगा एमआयडीसीचे कारखाने आले.

पण रसायनीच्या आधी तुर्भे. १९५४ साली स्टॅनव्हॅकची आणि १९५५ साली बर्मा-शेलची रिफायनरी तिथे चालू झाली. (आजच्या एचपीसीएल आणि बीपीसीएल.) आपल्या भागात न थांबणारी रासायनिक प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर आली ती इथून. मग १९६० च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारची हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स स्थापन झाली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रसायनीला उत्पादन चालू झालं. नायट्रोबेंझिन, अॅनिलिन, नायट्रिक आम्ल. रंग, औषधं, रबर यांना लागणारा कच्चा माल परदेशातून न आणता इथेच करायचा, हा त्यामागचा विचार. आमच्या लहानपणी "एचओसीला लागला" म्हणजे पोराचं भलं झालं असा अर्थ होता.

नायट्रिक आम्लाचंच उदाहरण घ्या, म्हणजे लूपवर काय अवलंबून असतं ते कळेल. अमोनिया हवेत मिसळून प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या जाळीवरून सोडतात. जाळी लालबुंद असते, नऊशे अंशांच्या आसपास. मिश्रणात अमोनिया दहा टक्क्यांच्या आगेमागे ठेवायचा. कमी झाला तर जाळी थंडावते, माल येत नाही. आणि वाढत पंधरा टक्क्यांच्या आसपास गेला तर मिश्रण स्फोटक होतं! म्हणजे चालवायची जागा आणि मरणाची जागा यांत अंतर जेमतेम पाच टक्के. इथे हवेचा प्रवाह मोजून त्याच्या प्रमाणात अमोनियाची झडप हलवणारा लूप लागतो. मॅनेजरसाहेब किती हुशार आहेत यावर ते सोडता येत नाही.

मी १९८१ साली पातळगंगेच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात लागलो, तेव्हा कंट्रोल रूममध्ये कॉम्प्युटर नव्हता. सगळं हवेवर चालायचं. हो, दाबाच्या हवेवर! टाकीतली पातळी, तापमान, प्रवाह, काहीही असो, त्याची बातमी बारीक नळीतून हवेच्या दाबाने यायची. तीन पीएसआय म्हणजे शून्य टक्के, पंधरा म्हणजे शंभर. पहिल्याच आठवड्यात मी आमच्या फोरमनना विचारलं, शून्याला शून्य का नाही, तीन का? ते म्हणाले, "नळी तुटली तर दाब किती?" शून्य. "मग टाकी रिकामी आहे की नळी तुटली आहे, हे तुला कसं कळणार?"

नोकरीत शिकलेल्या गोष्टींत ही मला सगळ्यात मोठी वाटते. काही नसणं आणि काही न कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत. पुढे हवा जाऊन वीज आली तेव्हाही चार ते वीस मिलिअँपिअर असंच माप ठरलं. शून्य मोकळंच ठेवलं, तुटल्याची खूण म्हणून.

हवेच्या कंट्रोलरच्या आत एक छोटी तोटी आणि तिच्यासमोर एक पातळ पट्टी असायची. फ्लॅपर-नोझल. पट्टी केसभर जवळ आली की दाब वाढायचा, केसभर लांब गेली की कमी. त्या केसभर हालचालीवर टनावारी माल अवलंबून. आणि आपला कोकणातला पावसाळा! हवेत एवढी ओल, की कॉम्प्रेसरची हवा कोरडी करणारा ड्रायर जरा सुस्तावला तर नळ्यांत पाणी. जून ते सप्टेंबर आमची रोजची पहिली फेरी म्हणजे हवेच्या फिल्टरांतलं पाणी काढणे. अमेरिकेत लिहिलेल्या मॅन्युअलमध्ये पनवेलचा पाऊस धरलेला नव्हता.

या कंट्रोलरचा मेंदू तीन प्रश्न विचारतो. आत्ता चूक किती आहे? आजवर साठली किती? आणि कुठल्या वेगाने वाढते आहे? किराणा दुकानाच्या खात्यासारखं समजा. आज किती उधारी केली, मागची बाकी किती, आणि याच गतीने महिनाअखेर किती होईल. तिन्हींची बेरीज करून झडप किती हलवायची ते ठरतं. यालाच पीआयडी म्हणतात. नुसता पहिला प्रश्न विचारला तर यंत्र सावरतं खरं, पण सेट पॉइंटपासून थोडं दूरच कायमचं स्थिरावतं. साठलेली बाकी विचारली की मगच ते अंतर भरून निघतं. फॉक्सबरो कंपनीने १९३१ साली 'स्टॅबिलॉग' नावाच्या हवेच्या कंट्रोलरमध्ये हे साठलेल्या चुकीचं काम चांगलं बसवलं. पुढे टेलर कंपनीने तिसरा, वेगाचा प्रश्न जोडला.

पण तिन्हींना वजन किती द्यायचं? यावर टेलरमधल्या झिग्लर आणि निकोल्स या दोघांनी १९४२ साली एक फार व्यवहारी रीत छापली. साठलेली चूक आणि वेग हे दोन्ही प्रश्न आधी बंद करा. पहिल्याचं वजन हळूहळू वाढवत न्या, लूप एकसारखा डुलायला लागेपर्यंत. तिथे थांबा, ते वजन लिहून ठेवा, आणि निम्म्यावर या. (बाकीच्या दोघांची वजनं डुलण्याचा एक फेरा किती वेळाचा आहे त्यावरून काढायची.) थेट पुस्तकी उत्तर नाही, यंत्रालाच विचारायचं. आम्ही शिफ्टमध्ये हे करायचो तेव्हा ऑपरेटर मंडळी पाठीमागे जीव मुठीत धरून उभी असायची. "साहेब, डुलवू नका हो फार!"

आता सगळ्यात अवघड भाग, डेड टाइम. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलरची टाकी आहे. नळ सोडला की गरम पाणी खाली यायला मिनिट-दीड मिनिट लागतं. नवखा पाहुणा नळ सोडतो, थंडच येतं, म्हणून अजून सोडतो, अजून सोडतो, आणि मग एकदम चटका. झडप हलवल्यापासून तिचा परिणाम मोजमापात दिसेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात कंट्रोलर आंधळा असतो. हा वेळ जितका लांब, तितकं हळू चालावं लागतं. कितीही भारी कंट्रोलर आणा, डेड टाइमपुढे त्याचं शहाणपण चालत नाही. उपाय एकच, मोजायची जागा जवळ आणा.

१९८२ साली पातळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना चालू झाला. पॉलिएस्टर २८०-२९० अंशांना वितळवून बारीक भोकांतून धागा ओढतात. तापमान जरा इकडचं तिकडे झालं तर धागा दिसायला तसाच दिसतो, पण पुढे कापड रंगवल्यावर पट्टे उठतात. म्हणजे इथली चूक कळणार कुठे? दुसऱ्या गावातल्या रंगाऱ्याकडे, कित्येक दिवसांनी! तिथवर थांबणं परवडत नाही म्हणून तापमान जागच्या जागी धरून ठेवायचं. जुलै १९८९ मध्ये पातळगंगेला महापूर आला आणि नदीच या कारखान्यात शिरली. आत अंशाअंशाने मोजणारी यंत्रं, आणि बाहेरून आलेलं पाणी कुठल्याही लूपच्या हिशोबात नसलेलं. ते चित्र माझ्या डोक्यात राहून गेलं. कुंपणाच्या आतलं सगळं मोजलेलं, कुंपणाच्या बाहेरचं काहीच नाही.

मग कॉम्प्युटर आले. हनीवेल आणि योकोगावा यांनी १९७५ साली अशा कारखान्यांसाठी पहिल्या डीसीएस बाजारात आणल्या. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकांत त्या सगळीकडे पसरल्या. भिंतभर पॅनेल जाऊन चार पडदे आले. फायदा प्रचंड झाला, त्यात वाद नाही. पण एक गोष्ट कमी झाली. जुना ऑपरेटर फील्डमध्ये फिरायचा. पंपाच्या आवाजावरून, पाइपाला हात लावून त्याला काही कळायचं. पडद्यासमोर बसलेल्याला पडद्यावर आहे तेवढंच जग.

ते जग खोटं निघालं तर? २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत एक उंच टॉवर चालू करताना पेट्रोलसारख्या द्रवाने जवळजवळ काठोकाठ भरत गेला. खालचा ट्रान्समीटर मात्र पातळी दहा फुटांच्या खाली आहे आणि हळूहळू उतरते आहे, असं सांगत राहिला. त्याची मोजायची हद्द केव्हाच ओलांडली गेली होती. द्रव बाहेर उसळला, पेटला आणि १५ माणसं गेली. लूप आपल्या समजुतीप्रमाणे नीटच होता. तो जे मोजतो तेवढंच सांभाळतो, आणि जे मोजत नाही ते त्याच्या लेखी नसतंच.

इतका वेळ मी तुम्हाला इथेच आणत होतो. कारण आता कुंपणाबाहेर जायचंय.

पनवेलकरांना ऑगस्ट २०१७ आठवत असेल. तळोजा एमआयडीसीत निळे कुत्रे दिसले. फोटो जगभर गेले. एका कारखान्यातल्या निळ्या रंगाने ते रंगले होते, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. लोक हसले, हळहळले, विसरले. मला मात्र त्यात आमच्या धंद्यातली गोष्ट दिसली. त्या दिवशी तळोज्याचा ट्रान्समीटर कुत्रा होता. त्याच्या आधी कितीतरी वर्षं कासाडी नदीच्या पाण्याबद्दल, मासळी मरते त्याबद्दल तक्रारी चालूच होत्या. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंतही गेलं. पण व्हॉल्व्ह लगेच हलला तो कुत्रा निळा झाल्यावर!

जरा लूपच्या भाषेत बघू. नदीत सोडायच्या पाण्याचं एक मुख्य माप म्हणजे बीओडी. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाईल, त्याचा अंदाज. ही चाचणी आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवस बाटली ठेवून करतात. तीन दिवस! म्हणजे चाचणीचं उत्तर हाती येईल तेव्हा ते पाणी खाडीत जाऊन दोन-चार भरत्या-ओहोट्या होऊन गेलेल्या असतात. पुढे अहवाल, नोटीस, खुलासा, सुनावणी. डेड टाइम महिन्यांचा नाहीतर वर्षांचा. आत अमोनियाची झडप हलायला सेकंद पुरतात, आणि भिंतीपलीकडच्या नदीसाठी वर्षं. एकाच कारखान्याचे हे दोन लूप आहेत.

यावर उपाय सुरू झालाय, तेही सांगायला हवं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी अशा १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्यावर आणि धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसवून त्यांचे आकडे थेट मंडळाकडे पाठवायला सांगितलं. इन्स्ट्रुमेंटवाला म्हणून मला याचा आनंद आहे. मोजायची जागा जवळ आली. पण मोजमाप हा लूपचा एक तुकडा झाला. सेट पॉइंट कायद्यात आहे, मोजमाप आलं, फरक काढायला कॉम्प्युटर आहे. झडप हलवणारा हात कुठे आहे? आणि आकडे यायचे थांबले, तर ते शून्य समजायचं की नळी तुटली समजायचं? आमच्या फोरमननी १९८१ साली विचारलेला प्रश्न इथेही विचारायला हवा.

रसायनीचं पुढे काय झालं तेही सांगतो. एचओसी बरीच वर्षं तोट्यात होती. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने रसायनीचे प्लांट बंद करायचा निर्णय घेतला. त्यातून एकच वगळला, डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा, आणि तो इस्रोकडे द्यायचं ठरलं. कारण पीएसएलव्ही, जीएसएलव्ही यांच्या विकास इंजिनात इंधन जाळायला हेच रसायन लागतं. ते २१ अंशांना उकळतं. म्हणजे आपल्याकडच्या साध्या हवेतही त्याची विषारी तांबडी वाफ होणार. ते कायम थंड आणि दाबाखाली धरून ठेवावं लागतं. बाकीच्या प्लांटांची घरघर थांबली, कॉलनीतली माणसं पांगली, ओळखीतले कितीतरी जण गावी गेले. ज्या पंपांचे आणि झडपांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते, ते आता फक्त गप्पांत येतात.

पातळगंगा मात्र वाहतेच आहे. खोपोलीची चाकं फिरली की पाणी येतं, आणि त्यातलंच शुद्ध करून पनवेलच्या कित्येक घरांच्या नळाला येतं. शंभरावर वर्षं आपण या नदीच्या काठाने चाकाचा वेग, जाळीची उष्णता, धाग्याचं तापमान, सगळं नीट सांभाळलं. तंत्र आपल्याला येत नाही असं कुणी म्हणू नये. जिथे मोजलं आणि जिथे हात जोडला, तिथे सावरलं. आता तोच लूप भिंतीपलीकडे न्यायचा, एवढं काम उरलंय. पुढच्या पिढीतल्या इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी (पेटी-तबलावाल्यांनी नव्हे!) हे मनावर घ्यावं असं वाटतं.

तोवर आपल्या खाडीतला सगळ्यात जुना ट्रान्समीटर म्हणजे कोळ्याचं जाळं. जाळ्यात मासळी कमी आली की त्याला कुठल्याही चाचणीच्या आधी कळतं. फक्त त्याची वायर अजून कुठल्या व्हॉल्व्हला जोडलेली नाही.